विठोजी फोरमनांनी नवमी मोडिली त्याची हकीकत

श्रीविश्वकर्म्यास आणि त्याच्या थोरल्या हातोड्यास दंडवत घालून, ऐकणारांनी सावध बसावे. शके अठराशे अठ्ठ्याण्णव, नल नाम संवत्सरी, आश्विन मासी, घाटाखालच्या एका आगारी जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्य म्हणजे एस.टी.चा कारखाना, दौलत म्हणजे तांबड्या गाड्या, त्यांतील निम्म्या सदा आजारी, आणि कारभार विठोजी थोरवत फोरमन यांजकडे. विठोजी अंगाने थोर, आवाजाने त्याहून थोर, ते नुसते खाकरले तरी लोकांच्या हातून लोखंडी पाने गळत. परंतु लेथवरचे नामाजी कुंभार हे त्यांचे जिवाचे सोबती. दोघे बरोबरच चाकरीस लागले, एका डब्यात जेवत, आणि दिवसातून एकदा तरी भांडल्याशिवाय दोघांसही घास उतरत नसे. काय ते दिवस होते, आता सांगितले तर कोणास खरे वाटावयाचे नाही.

त्या साली नामाजीस चालता चालता दम लागू लागला, आणि शहरीच्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकिले आणि निदान केले की काळजातली झडप निकामी, दसरा उलटताच बदलिली पाहिजे, आणि पैका आधी भरिला पाहिजे. कारखान्यात वार्ता आली तेव्हा सर्वांस रोग तत्काळ समजला. व्हॉल्व्ह गेला, इतकेच. नवा बसविला म्हणजे गाडी धावेल. पैका मात्र फार लागत होता. मग सर्वांच्या पगारावर पट्टी बसली, आणि ड्रायव्हर-कंडक्टरांनी कुरकुर न करिता दिली, आणि कॅन्टीनवाल्याने एक दिवसाची भजी नामाजीच्या नावे तळिली, आणि लोकांनी पोट बिघडेतो खाल्ली, तरी भरती होईना. मग हिंदुराव मेकॅनिक यांनी मसलत काढिली. म्हणाले, "साखर कारखान्याचा हंगाम तोंडावर आलाय. उसाचं ट्रकवालं दुरुस्तीसाठी हिंडत्यात, आणि खंडेनवमीला झाडून सगळी गॅरेजं बंद. आपल्यालाबी त्याच दिवशी सुट्टी. मैदानात गाड्या घेऊ. मालक दुप्पट द्यायला तयार हाईत."

सर्वांनी विठोजींकडे पाहिले. कारण त्या राज्याचा कायदा असा की, नवमीस हत्यारे पूजेस मांडिली म्हणजे दसऱ्याची उत्तरपूजा होईतो कोणी स्पर्श करू नये. मागे एका फिटराने नवमीस जॅक लाविला आणि तो निसटून बोट गेले, तेव्हापासून विठोजी या कामी देवाहूनही कडक. विठोजी म्हणाले, "न्हाई. कोप झाला तर कुणावर हुईल? ज्याच्यापायी नवमी मोडली, त्याच्यावर. आणि त्याचं तर काळीज उघडं करणार हाईत." आवाज इतका बारीक निघाला की मागल्यांनी पुढल्यांस विचारिले, काय बोलले. हट्टाने बोलले असते तर हिंदुराव भांडले असते. भयाने बोलले, म्हणोन कोणी भांडले नाही.

मग विठोजी सांजवेळी नामाजीच्या घरी गेले. नामाजी उशांच्या ढिगास टेकून बसले होते, निजले की श्वास कोंडे. विठोजींनी सारे सांगितले आणि विचारिले, काय करू. नामाजी म्हणाले, "माझ्यासाठी नवमी मोड, असं मी म्हणायचा न्हाई विठू. पण मराय काय मी हौसेनं चाललो न्हाई." विठोजींनी चहा घेतला आणि उठले. त्या दिवशी दोघे भांडले नाहीत, हे नामाजीच्या कुटुंबाने, तानूबाईंनी, ध्यानी घेतले आणि त्या आत जाऊन रडल्या.

नवमीस पूजा जाहली. पान्यांस, घणांस, जॅकांस कुंकू लागले, झेंडू वाहिले, नारळ फुटला, आणि बाहेर मैदानी ट्रक उभे होते, कारण हिंदुरावांनी आशा सोडिली नव्हती. मग विठोजी पुढे जाहले आणि म्हणाले, "मागं सरा. पहिला पाना मी उचलणार. माझ्याआधी कुणी हात लावायचा न्हाई." आणि हत्यारांपुढे गुडघे टेकून, ज्यांनी जन्मात साहेबासही अजीजी केली नाही ते विठोजी हात जोडून बोलिले, "रागवायचं तर ह्यो उजवा हात हाय, ह्याच्यावर रागवा. नामाजीच्या वाटंला जाऊ नगा." आणि पाना उचलिला. मग मंडळी तुटून पडली, आणि दिवेलागणीपर्यंत एकही ट्रक नादुरुस्त राहिला नाही, आणि पैका पुरा पडला. झडप बदलिली, आणि शिमग्यास नामाजी लेथवर उभे राहून विठोजींशी यथास्थित भांडत होते.

पुढे पुष्कळ नवम्या आल्या. दर नवमीस विठोजी आपला हात न्याहाळीत आणि तो धडधाकट दिसला की उगीच चिंतेत पडत. दोघे पेन्शनीत गेले. मग उतारवयी विठोजींस अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला, आणि नामाजी गाडी धरून घाईने आले, तो विठोजी खाटेवर हसत बसलेले. म्हणाले, "माझ्याच नावावर लागलं बघ. तू सुटलास."

नामाजी म्हणाले, "येड्या, वय झालंय तुझं. म्हातारपणी कुणाचाबी हात जातो."

"आसंल. पर मला तसंच समजू दे."

त्या दिवशी नामाजी भांडले नाहीत. त्यांनी ताट ओढून घेतले, भाकरी कालवणात कुस्करिली आणि विठोजींस आपल्या हाताने भरविली.

सारांश, ऐसे कारभारी त्या राज्यात होऊन गेले. गाड्या भंगारात गेल्या, कारखान्यावर नवे पत्रे आले. ती माणसे आठवली म्हणजे जीव हळहळतो, सबब येथे थांबतो.