वाघिणीस आणखी एक नळी

१९४३ सालच्या मार्च महिन्यात कुसगावजवळच्या रॉकेल डेपोच्या साईडिंगवर पुढील वस्तू व माणसे होती: रुळांची आखूड फांदी एक, जमिनीवरची टाकी एक, हातपंप एक, नळी एक, पंप मारणारे गडी दोन, ‘येथे विडी ओढू नये’ अशा पाट्या तीन आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या पाटीच्या सावलीत बसणारा विडीवाला एक. ही मोजदाद श्रीपाद गोडांबे याने केली होती. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर त्याला या डेपोत कारकुनी मिळाली, आणि मोजण्यासारखे तिथे दुसरे काही नव्हते.

दर पंधरवड्याला रॉकेलने भरलेली एक वाघीण येई. आगगाडीच्या मालडब्याला आपल्याकडे वाघीणच म्हणतात. तिच्यात बत्तीसशे गॅलन तेल असे. पंप तासाला चारशे गॅलन ओढी, म्हणजे काम आठ तासांचे. इंजिन मात्र सहा तासांनी परत येई आणि वाघीण असेल तशी ओढून नेई. आठशे गॅलन रॉकेल मावळची हवा खाऊन परत जाई. वाटपाच्या यादीत अकरा गावे होती. लोणावळा पहिले, टाकवे बुद्रुक शेवटचे. त्यामुळे टाकव्याचे तेल नेमाने परतीच्या प्रवासात असे.

टाकव्याची मदिना सुईण रिकामी बाटली घेऊन चौथ्यांदा आली, तेव्हा इंजिन लागत होते.

“आत अजून आठशे गॅलन आहे, मावशी,” चाँदभाई मुकादम पंपावरचा हात काढत म्हणाला. “पण इंजिन आलं.”

“दिसतंय की. मग त्या इंजिनालाच इचारू का, आंधारात पोर कसं काढायचं?”

“या पंधरवड्यात किती बाळंतपणं आहेत?” श्रीपादने वही उघडली.

“चार. दोघी म्हनत्यात, दिवसा व्हनार. पोटातल्या पोरांनी कबूल केलं न्हाई अजून.”

श्रीपादने ‘चार’ असे लिहिले, आणि त्याच दिवशी वरिष्ठ कचेरीला अर्ज करायचा ठरवला. कचेरीचे नवे परिपत्रक होते की लोकांच्या मागण्या लोकांच्याच शुद्ध भाषेत, इंग्रजी शब्द टाळून पाठवाव्यात. त्याने ‘वॅगन’ खोडले, ‘पाइप’ खोडला आणि लिहिले:

‘येथे दर पंधरवड्यास एक वाघीण येते. तिचे पोट फार मोठे आहे. एका नळीने तिचे काम सहा तासांतही आटोपत नाही व ती तशीच निघून जाते. टाकवे बुद्रुकच्या रहिवाशांचे यात अतोनात हाल होतात. तरी आणखी एक नळी मिळावी.’

कचेरीच्या भाषांतर शाखेने हा अर्ज इमानेइतबारे इंग्रजीत नेला आणि जंगल खात्याकडे पाठवला. तीन आठवड्यांनी हौशीराम नावाचा सरकारी शिकारी दाखल झाला. त्याच्या खांद्यावर दुनळी बंदूक होती.

“नळी कुठे आहे?” श्रीपादने विचारले.

“ही काय. तुमी एक मागितली, सरकारनं दोन धाडल्या. वाघीण किती वाजता येती?”

“दहा वीसला.”

“वेळ ठरलेली हाय?”

“कधीकधी पाऊण तास उशीर होतो.”

“आन् येती कुठनं?”

“रुळावरून. दुसरीकडून कशी येईल?”

हौशीरामने हयातीत इतकी शिस्तीची वाघीण पाहिली नव्हती. त्याने टाकीवर मचाण बांधले. मचाणापासून दोनशे पावलांत माणसाने फिरकू नये असा खात्याचा नियम होता. त्यामुळे त्या पंधरवड्याची वाघीण आली, सहा तास उभी राहिली आणि बत्तीसशे गॅलन घेऊन परत गेली. अकराही गावांना सारखेच मिळाले. हौशीरामने अहवाल दिला: ‘डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. मध्ये रॉकेलचा डबा उभा राहिल्याने पलीकडचे दिसले नाही.’

श्रीपादने तातडीने खुलासा पाठवला. शुद्ध भाषेचे परिपत्रक अजून लागू होते. ‘सदर वाघीण ही वाघीण नसून वाघीण आहे.’

उत्तर आले: ‘वाघीण असल्याचे आपण पुन्हा मान्य केले आहे. सबब सदर भाग वाघीणग्रस्त ठरवण्यात येत आहे. प्रत्येक प्रत्यक्षदर्शीस मशालीसाठी दोन गॅलन रॉकेल नेहमीच्या यादीआधी द्यावे. वाटप एका दिवसात व्हावे म्हणून दुसरा पंप व दुसरी नळी पाठवत आहोत.’

पंप आठ दिवसांत आला. श्रीपादने नळी हातात धरून दोनदा वास घेतला. “मावशी, गणित सुटलं,” तो मदिनाला म्हणाला. “आता चार तासांत काम होईल. गावाला सांगा.”

अट एकच होती. ‘मी वाघीण पाहिली’ या वाक्याखाली सही हवी. अंगठा चालणार नव्हता, कारण अंगठ्यास डोळे नसतात. पहिली सही श्रीपादने केली, नमुना म्हणून.

लोणावळ्याचे गंगाधरपंत वकील सकाळीच आले. त्यांच्या सात खोल्यांत विजेचे दिवे होते.

“सही करायला हरकत नाही,” ते म्हणाले, “पण आयुष्यात खोटं लिहिलेलं नाही.”

“ती काय समोर उभी आहे, वकीलसाहेब,” चाँदभाईने रुळाकडे बोट केले.

“अरे, मग हे अक्षरशः खरं आहे.” गंगाधरपंतांनी सही केली आणि घरी जाऊन तीन मुलगे व दोन सुना घेऊन आले. त्यांच्यामागून शाळामास्तर आले, पेन्शनर आले, वाचनालयाची कार्यकारिणी ठराव करून आली. तळेगावाहून विजेच्या दिव्याखाली पुस्तके वाचणारी बरीच मंडळी खास गाडीने आली. कोणी एक शब्द खोटा लिहिला नाही. सर्वांचे अक्षर सुवाच्य होते.

टाकव्याची माणसे दुपारी पोचली.

“आमीबी पाहिली,” मदिना म्हणाली. “चार महिनं तिच्याकडंच बघतोय.”

“सही येते का, मावशी?”

“पोरं काढता येत्यात.”

श्रीपादने नियम पुन्हा वाचला. मग तो पंपाकडे गेला.

दोन नळ्यांनी वाघीण चार तास सहा मिनिटांत रिकामी झाली. सह्या एक हजार पाचशे अठ्ठ्याण्णव भरल्या. संध्याकाळी शेवटचा डबा लोणावळ्याच्या टांग्यात चढल्यावर श्रीपादने टाकीत काठी बुडवली आणि वहीत लिहिले:

टाकवे बुद्रुक. घरे एकशे चाळीस. तेल चार गॅलन.