सहानुभूतीचे वीस गुण

आमच्या शाळेने सातवीला निर्वासित मुलांवरची कादंबरी लावली, तेव्हा पालक समितीचा सचिव या नात्याने ठरावाला अनुमोदन मीच दिले. मुलांमध्ये सहानुभूती वाढावी, हा उदात्त हेतू होता. ती नेमकी किती वाढली हे कळावे, म्हणून तिला वीस गुण ठेवले.

त्याच वर्गात एक नवी मुलगी आली होती. लढाई सुरू झाल्यावर गाव सोडून, धाकट्या भावाला घेऊन ती इथे मावशीकडे पोचली होती. ग्रंथालयाच्या कार्डासाठी कायमचा पत्ता लागतो. तो तिच्याकडे नसल्यामुळे निर्वासितांची कादंबरी तिला घरी नेता येईना. मधल्या सुट्टीत कपाटापाशी उभी राहून तिने ती संपवली.

परीक्षेत प्रश्न आला : 'घर सोडताना निर्वासित मूल सोबत काय घेते?' तिने लिहिले : 'भावाचं जुलाबाचं औषध आणि मोबाइलचा चार्जर.'

बाईंनी शून्य दिले. शेरा मारला : 'मनाचे लिहू नये.'

मावशी हातातले शिवण तसेच टाकून मुलीला घेऊन शाळेत आली. मी तिथेच बसलो होतो.

"बाई, ती खरंच हेच घेऊन निघाली होती."

"असेल हो. पण नमुना उत्तरात बाहुली आहे, आणि आईचा फोटो. बाकी सगळ्या वर्गाने तेच लिहिलंय."

"आईचा फोटो मोबाइलमध्येच होता," मुलगी म्हणाली. "म्हणून तर चार्जर घेतला."

बाई म्हणाल्या, "हे उत्तरात लिहायचं ना. अर्धा गुण दिला असता."

मुलीने मान डोलावली. "चुकलंच माझं. पुढच्या वेळी निघताना बाहुली घेईन."

त्याच वर्गातल्या माझ्या मुलीला वीसपैकी वीस होते, पण अभिनंदन स्वीकारायची ती वेळ नव्हती.

बाहेर व्हरांड्यात मावशीने मला गाठले. "दोन माणसं वाढली म्हणून घरमालक खोली सोडा म्हणतोय. तुमची वरची खोली रिकामीच आहे ना, साहेब? आम्ही भाडं देऊ."

"दिली असती हो," मी म्हणालो, "पण पाहुणे यायचेत."

हे लिहिताना माझे डोळे भरून येतात. वाचताना तुमचेही आले असतील, तर तुमच्याकडे एखादी खोली असल्यास मावशीला जरूर कळवा. आमच्याकडे गेले सात महिने पाहुणे यायचे आहेत.