जोड्यातली रेती

प्रभाकरकाकांच्या नावाचं पार्सल घेऊन कुरियरवाला त्यांच्याच फाटकाशी उभा होता. आत काका झाडांना पाणी देत होते. "प्रभाकरराव इथंच राह्यते काय?" त्यानं विचारलं. काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "ते सांगता येत नाही." पार्सल परत यवतमाळला गेलं. त्यात काकांचीच बीपीची औषधं होती.

मी दिग्रसच्या शाळेत शिकवते आणि काकांचा शेजार सांभाळते. शिकवणं त्या मानानं सोपं आहे. काका अणुशास्त्रज्ञ. देशानं वाळवंटात जमिनीखाली अणुबॉम्ब फोडून पाहिला, तेव्हा तो बनवणाऱ्यांत हा आमच्या गल्लीतला माणूस होता. आम्हाला हे कळलं ते काका निवृत्त होऊन गावी परतल्यावर, पेपरात त्यांच्या सत्काराचा फोटो आला तेव्हा. सगळा जन्म तोंडाला कुलूप लावून काढला, आता ते कुलूप पार गंजलंय. एरवी बोलणं अस्सल वऱ्हाडी, पण 'ते सांगता येत नाही' हे एकच वाक्य हापिसातून इस्त्री करून आणल्यासारखं.

"काका, आज भाजी कोणती?"

"ते सांगता येत नाही."

डॉक्टरनं विचारलं, कुठं दुखतं? तर तेच उत्तर. बिचारा सगळीकडे दाबून पाहत बसला.

गल्लीनं याचा पुरेपूर फायदा उठवला. कोणाची सोयरीक जुळत आली, कोणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं काकांच्या पोटात. माझ्या बदलीचं घाटत होतं तेव्हा मीही सासूबाईंच्या आधी त्यांनाच सांगितलं. आजतागायत एक शब्द फुटलेला नाही.

या गुणाचं कौतुक नसलेलं गल्लीत एकच माणूस, ते म्हणजे सुमनकाकू, काकांची बायको.

काकूंची आई आर्णीला वारली, तेव्हा काका 'पुण्याच्या सेमिनारला' गेलेले. फोन नाही, पत्ता नाही. मुंबईच्या क्वार्टरमधून लेकरं घेऊन काकू एकट्या आर्णीला आल्या. काका उगवले ते थेट तेरवीच्या दिवशी. भरल्या अंगणात जोडे काढले, तर भसकन रेती सांडली.

"पुन्याच्या सेमिनारात येवढी रेती कायची?" काकूंनी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

त्या रेतीवर आर्णीच्या बायकांनी जे तर्क लढवले, ते मी इथं लिहिणार नाही.

पेपरात फोटो आल्यावर काकूंनाही उलगडा झाला. पण त्यांना तो पेपरातून नको होता. "यायच्या तोंडून पाह्यजे मले," त्या म्हणायच्या. काका मान खाली घालायचे. मग काकूंना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग गॅस, मग नातवाचं नाव. रेती मात्र विसरल्या नाहीत.

परवा संध्याकाळी मी वांग्याचं भरीत द्यायला गेले. दोघं ओसरीवर बसले होते. काका हलक्या आवाजात बोलत होते, म्हणून मी दारातच थबकले.

"तुया मायच्या मातीले यायले पाह्यजे होतं मी, सुमन. नाही येऊ शकलो. वायवंटात होतो. तिथचीच रेती होती जोड्यात."

"काय करत होते तिथं?"

"बाम्ब बनवला होता आमी. जमिनीत पुरून फोडून पाह्यला."

काकू दचकल्या. "बाप्पा! कोनाले लागलं तं नाही ना?"

"नाही. आतापावतो तं नाही."

"मंग तवाच सांगाचं होतं ना. मी काय रागावली असती?"

"चुकलं माह्यं."

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, सुटले काका एकदाचे. डबा तिथंच कट्ट्यावर ठेवून मी डोळे पुसत घरी आले.

सकाळी शाळेला निघाले, तर काकू फाटकाशी उभ्या. "मॅडम, पाहा ना. माय गेली तवा हे कुठं होते, मले अजून सांगत नाहीत."

मी चमकून झाडांना पाणी देणाऱ्या काकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आदल्या संध्याकाळी ते पहिल्यांदा सांगत नव्हते. हा माणूस रोज सगळं कबूल करतो, रोज संध्याकाळी माफी मिळवतो, आणि सकाळपर्यंत काकूंना त्यातलं काही आठवत नाही.

काकांनी नळ बंद केला, हात पुसले आणि ओसरीवर दोन खुर्च्या मांडल्या.

"सांगतो ना, सुमन. चहा होऊ दे."

"खरं?"

"खरं. रेतीपासूनच सांगतो."