दोनशे गोगलगायी फरार

डिटेक्टिव्ह जयराज यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, नाकातून वास सुटत नाही आणि कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या आष्ट्याला कळल्यावाचून राहत नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टी त्यांच्या पाटीवर आहेत. तिसरी त्यांचा सहायक कोंडीबा याची भर आहे, आणि पाटी त्यानंच रंगवलेली असल्यामुळं तीही लिहून टाकायचा मोह त्याला फार झाला होता.

सतरा वर्षं आपण पलटणीत गुप्त कामगिरीवर होतो, असं जयराज छाती पुढं काढून सांगत. कामगिरी कोठारातली कांबळी मोजायची होती. एकदा तीन कांबळी हरवली, तेव्हा साऱ्या छावणीची झडती घेऊन त्यांनी ती शोधून काढली होती. ती त्यांच्याच गादीखाली निघाली, हा तपशील मात्र कोंडीबाला जयराजांच्या बायकोकडून कळला. कोंडीबा पंक्चर काढायचा, पाट्या रंगवायचा, वयानं पन्नाशीचा आणि स्वभावानं गरीब. सहायक व्हायला त्याची पात्रता एवढीच की मोटरसायकल त्याची होती.

मंगळवारी सकाळी कोंडीबाच्या दुकानात एक गिऱ्हाईक पंक्चर काढून घेता घेता म्हणालं की नाथाजी सुभेदारांच्या सुनेच्या गोगलगायी चोरीला गेल्या. जयराज तिथल्या तिथं उठले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण तसं त्यांना आजवर कुणीच कधी बोलावलं नव्हतं.

सुभेदारांची सून संयोगिता मळ्यात गोगलगायी पाळत होती. आख्खा तालुका औषध टाकून गोगलगायी मारतो आणि ही पाणी घालून वाढवते, म्हणून गावानं वर्षभर तिची चेष्टा केली. गोव्याकडं हॉटेलात लोक त्या आवडीनं खातात, हे ऐकल्यावर तर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नवरा शिवतेज फौजेत, सीमेवर. तिनं एकटीनं हिरव्या जाळीचं खोपटं उभारलं, आत मातीचे वाफे केले, कोबीची पानं घातली आणि तीनशे गोगलगायी अंगठ्याएवढ्या केल्या. गोव्याचा हॉटेलवाला शुक्रवारी माल बघायला येणार होता. सासऱ्यांनी मात्र आधीच बजावलं होतं, की शुक्रवारी सौदा ठरला नाही तर सोमवारी त्या जागेत ऊस.

सुभेदार निवृत्त झाले तरी हजेरी घ्यायची सवय सुटली नव्हती. रोज सकाळी पाणी मारलं की गोगलगायी बाहेर येत आणि सुभेदार काठीनं मोजत. मंगळवारी दोनशे चाळीस भरल्या. साठ गैरहजर.

"रजेवर गेल्या असतील," कोंडीबा हळूच म्हणाला. संयोगिताच्या डोळ्यांत पाणी दिसलं, तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली.

खोपट्याच्या मधोमध द्राक्षाचं एक रिकामं क्रेट उपडं घातलेलं होतं. त्यावर ओलं गोणपाट. जयराजांनी त्यावर बैठक मारली आणि तपास संपेपर्यंत हे क्रेट कुणी हलवायचं नाही, असा हुकूम सोडला. तिथून म्हणे सगळं दिसत होतं.

पहिला संशय शेजारच्या जिनदत्तांवर गेला. जिनदत्त जैन, कोबीचे बागायतदार, आणि बांधावरून चालताना जमिनीकडं बघत, पाऊल जपून टाकत चालले होते. जयराजांच्या मते गुन्हेगाराची चाल अशीच असते. जीवदया म्हणून त्यांनीच गोगलगायी सोडून दिल्या, असं जयराजांनी बांधावर जाऊन तोंडावर सांगितलं. कोंडीबाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

जिनदत्त शांतपणे म्हणाले, "पायाखाली जीव येऊ नये म्हणून मी खाली बघतोय. आणि सोडल्या असत्या तर माझा कोबी खाल्ला असता त्यांनी. मग माझ्या मनात जे आलं असतं, त्याचं पाप कुणाला लागलं असतं?"

जयराजांनी वहीत "आरोपी हुशार आहे" असं लिहिलं. खोपट्यातून निघताना, घरच्यांना धीर द्यावा म्हणून, ते मोठ्यानं म्हणाले, "पण माल एक नंबर हाय. असल्या गुबगुबीत गोगलगायी साऱ्या जिल्ह्यात न्हाईत."

बुधवारी सकाळी हजेरी एकशे सत्तर भरली.

आता जयराजांनी दुसरा सिद्धांत काढला. सत्तर गोगलगायी एका दिवसात आपणहून जात नाहीत. त्यांच्यात कुणीतरी म्होरक्या असणार आणि तो बाकीच्यांना फूस लावत असणार. गोगलगाय नि पोटात पाय, हे काय उगाच म्हणतात का? त्यांनी शंखाचा कपचा उडालेली एक गोगलगाय निवडली, तंबाखूच्या डबीतला चुना तिच्या पाठीवर टेकवला आणि क्रेटवर बसून पाठलाग सुरू केला. पहिल्या अर्ध्या तासात म्होरक्या एक वीत गेला. आभाळ भरलेलं होतं, खोपट्यात गारवा होता. कोंडीबा पानतंबाखू आणायला म्हणून फाट्यावर गेला आणि परत आला, तर जयराज क्रेटवर बसल्या बसल्या घोरत होते आणि म्होरक्या पसार झाला होता. गोगलगायीनं गुंगारा दिलेला हा जगातला पहिलाच गुप्तहेर असावा. जयराजांनी डोळे चोळत कबूल केलं, की गडी लय चपळ निघाला.

मग तिसरा संशय. ऊस कुणाला लावायचा आहे? सुभेदारांना. म्हणजे गोगलगायी नाहीशा करण्यात फायदा कुणाचा? जयराज हे सुभेदारांच्या समोर उभं राहून बोलले. सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच शब्द उच्चारला, "सावधान." जयराजांच्या टाचा आपोआप जुळल्या. पाऊण तास ते अंगणात तसेच उभे होते, कारण "विश्राम" म्हणायच्या आधी सुभेदार जेवायला गेले. जाताना जयराजांनी पुन्हा मालाचं कौतुक केलं, अगदी तोंड भरून, जरा माफी म्हणूनही.

गुरुवारी हजेरी अठ्ठ्याण्णव. वाफ्याच्या कडेला सहा-सात मेलेल्याही सापडल्या. संयोगितानं ते शंख ओंजळीत घेतले आणि ती खोपट्याच्या दाराशी खाली बसली. हॉटेलवाल्याला निदान दीडशे तरी दाखवायच्या होत्या. सासूबाई शालूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. सुभेदारांनी उसाच्या बेण्यासाठी कुणालातरी फोन लावला, तो तिनं ऐकला.

कोंडीबाला ते बघवेना. तशातही त्या पोरीनं पाहुण्यांसाठी पेरू चिरून आणले होते. तो वाफ्याच्या कठड्याला टेकून खायला लागला, तर एक फोड हातातून निसटून कठड्यावर पडली. पेरू टाकून द्यायचा त्याचा स्वभाव नव्हता. फुंकर मारून त्यानं ती तोंडात टाकली.

"पयल्या फोडीला मीठ नव्हतं," तो म्हणाला, "हिला बरं लावलंय."

संयोगिता झटकन उठली. तिनं कठड्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. गोगलगायीला मीठ म्हणजे अंगावर निखारा, हे तिच्याइतकं त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ती सासूकडं वळली.

"आत्याबाई, हितं मीठ कुणी टाकलं?"

शालूबाई गोंधळल्या. "मीच की गं. दृष्ट काढली मी. सोमवारी त्या बचत गटाच्या बायका येऊन लय बाई छान, लय बाई छान म्हणून गेल्या. मीठमोहऱ्या उतरल्या. पण टाकू कुठं? चूल मोडली तुमी. गॅसवर टाकलं तर बर्नर चोंदतोय. म्हणून कडंकडंनं तिथंच टाकलं." मग जयराजांकडं बघून, "त्यात ह्ये दादा रोज येऊन गुबगुबीत म्हणायचं. म्हटलं, मूठभर जास्तच टाकावं."

म्हणजे तपास जितका जोरात, तितकं मीठ जास्त. कोंडीबानं जयराजांकडं बघायचं टाळलं.

"मग बाकीच्या गेल्या कुठं?" सुभेदारांनी विचारलं.

"मीठ न्हाई तिकडं," संयोगिता म्हणाली. "आत्याबाई, कुठली जागा सोडली तुमी?"

"पाहुण्याच्या बसायच्या जागंवर मीठ टाकत्यात व्हय?"

सगळ्यांनी जयराजांकडं बघितलं. जयराज क्रेटवर बसले होते. ते उठायला तयार नव्हते, कारण पुरावा हलवायचा नाही हा त्यांचाच हुकूम होता. सुभेदार पुन्हा "सावधान" म्हणाले, तसे ते ताडकन उठले. संयोगितानं क्रेट उलटं केलं.

आत, एकमेकींना चिकटून, गोणपाटाखालच्या पट्ट्यांना लटकून, दोनशेला चार-पाच कमी गोगलगायी गारव्याला बसल्या होत्या. बरोबर जयराज बसत त्या जागेखाली, पाठीवर चुन्याचा ठिपका घेऊन, म्होरक्या.

"काखंत कळसा नि गावाला वळसा," शालूबाई म्हणाल्या. संयोगिता रडता रडता हसायला लागली. मग तिनं सासूला मिठी मारली, कारण मीठ टाकलं होतं तेही मायेनंच.

जयराजांनी वही उघडली आणि सावकाश लिहिलं: "आरोपींना पहिल्या दिवसापासून दाबून धरले होते."

दुपारभर सगळ्यांनी वरची माती काढून नवी घातली. घरातली मिठाची बरणी सुभेदारांनी कपाटात घालून कुलूप लावलं. पण शालूबाईंना ते ओळखून होते. त्यांनी कोंडीबाला एक पाटी रंगवायला सांगितली आणि मजकूर स्वतः दिला. ती खोपट्याच्या दारावर लागली: "येथे कौतुक करण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून."

शुक्रवारी हॉटेलवाला आला. त्यानं पाटी दोनदा वाचली. आत जाऊन एक गोगलगाय तळहातावर घेतली, दुसरी घेतली, त्याचे डोळे मोठे झाले आणि तोंड उघडलं. संयोगितानं श्वास रोखला. कोपऱ्यात शालूबाई उभ्या होत्या आणि त्यांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. कुलपाची दुसरी किल्ली त्यांच्याकडं आहे, हे सुभेदारांना तेव्हा कळलं.

हॉटेलवाल्यानं मुठीकडं बघितलं, पाटीकडं बघितलं, तोंड मिटलं आणि गोगलगाय हळूच खाली ठेवली.

"माल काही खास नाही," तो म्हणाला. "सगळा घेतो. दर महिन्याला असलाच पाठवा."

शालूबाई आत गेल्या आणि मूठ आमटीत मोकळी केली. कालपासून घरात सगळं आळणीच होतं.