रंग: केवल एक

देवासच्या मालोजींच्या दुकानात उकडलेल्या मटनाच्या कापांवर इंद्रधनुष्य दिसल्याची तक्रार कार्यालयात बुधवारी आली. अन्न निरीक्षक म्हणून मी तपासणीस गेले. बुधवारी माझं कुठलंच व्रत नसतं.

कापांवर हिरवी, तांबडी, जांभळी अशी सातही रंगांची झाक होती. वास काहीच नव्हता.

"ताई, आज सकाळचंच आहे," मालोजी हात जोडून म्हणाले. "सुरीला धार असली आणि मांस आडवं कापलं, की त्याच्या बारीक तंतूंवर उजेड फुटतो. सीडीवर नाही का रंग दिसत? तसंच. बघा, ताट कलतं केलं की गेले."

ताट कलतं केलं. रंग गेले. मी शेरा लिहिला: 'तपासणीच्या वेळी नमुन्याने रंग लपवले.'

फॉर्मवर पुढचा रकाना होता: 'रंग (केवल एक लिखें)'. मी आमच्या साहेबांना, जगदेवरावांना फोन लावला.

"सर, सात आहेत."

"मग सहा कमी होईपर्यंत सगळा माल सील करा. परवानाही रोकून ठेवा."

मालोजींचा चेहरा उतरला. "परवाना गेला तर घर कसं चालवू, ताई?"

"भाऊ, माझा कुणावर राग नाही," मी हळूच म्हटलं. "रकाना एकच आहे."

फेरतपासणी लगेच करायची होती. पण गुरुवारी माझा उपास, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवारी सुट्टी, सोमवार महादेवाचा, मंगळवारी चतुर्थी. अशा दिवशी मी मांसाकडे बघतही नाही. पुढचा बुधवार ठरला. माल कार्यालयात राहिला. फ्रिज सोनकच्छला दुरुस्तीला गेला होता.

बुधवारी सील तोडलं. नाकाला पदर लावून ताट उजेडात धरलं, चहूबाजूंनी कलतं केलं. एकच रंग. हिरवा. वासाला फॉर्मवर रकाना नाही. मी शिक्का मारला: 'उत्तीर्ण'.

"ताई, हे फेकू द्या हो! लोकं आजारी पडतील."

"प्रमाणित माल फेकला तर परवाना कायमचा जाईल, भाऊ."

मालोजींनी प्रमाणपत्र काचेवर चिकटवलं आणि दुकान उघडलं. येईल त्याला ते विनवत होते, "भिया, भाऊ, नका घेऊ, सडलंय."

"सरकार से ज्यादा तुमको मालूम है क्या, भिया?" असं म्हणून गिऱ्हाइकं एका हाताने नाक दाबत आणि दुसऱ्या हाताने पिशवी पुढे करत.

मी बाजूला उभी राहून जप करत होते. रांगेत तिसरे तुम्ही होता. वास तुम्हालाही आला होता. तुम्ही एवढंच विचारलंत, "शिक्का आजचाच आहे ना?"