बेअब्रूचा अर्ज

नुकत्याच पुसलेल्या लादीवरून अधीक्षकसाहेब बूट वाजवत गेले, काहीतरी विसरलं म्हणून परत आले आणि पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला सफाईवाल्या बाई फडकं पिळता पिळता पुटपुटल्या, "रिकामं पिंप नुसतं."

व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं. साहेबांनी कानाआड केलं असतं, तर गोष्ट तिथेच जिरली असती. पण वीस वर्षं येता-जाता दुसऱ्यांचा पाणउतारा करणाऱ्या माणसाला स्वतःचा गिळायची सवय कुठून असणार? बाईंना कामावरून काढा, असा अर्ज त्यांनी तिथल्या तिथे ठोकला.

"नेमके शब्द लागतात, साहेब," कारकून म्हणाला. "नुसतं 'अपशब्द' चालत नाही."

"रिकामं पिंप," साहेब खालच्या आवाजात म्हणाले.

कारकुनाने पलीकडच्या टेबलाला मोठ्याने विचारलं, "अहो, पिंपाला पहिली वेलांटी ना?"

अर्जाच्या सहा प्रती सहा खात्यांत गेल्या. चौकशी समिती बसली. बाईंनी पहिल्याच प्रश्नाला कबुली दिली. "म्हटलं मी. तोंडातून गेलं. पण पोटावर पाय नका देऊ."

"थांबा," समितीच्या अध्यक्षा म्हणाल्या. "साहेबांच्या प्रतिष्ठेची हानी झाली का, ते आधी बघावं लागेल. त्यांच्या हाताखालच्या लोकांना विचारू."

साहेब खूश झाले. त्यांच्यापुढे मान वर करायची कुणाची छाती नव्हती. अकरा जणांच्या साक्षी झाल्या, बंद दाराआड.

आठवड्याने निकाल आला. 'तक्रारदारांच्या प्रतिष्ठेला कोणताही धक्का लागलेला नाही.' साहेब खुर्चीत ताठ बसले आणि पुढचं वाचू लागले. 'अकराही साक्षीदारांच्या मते ती आधी होती तेवढीच आहे. शब्द नवा असला तरी मत जुनं आहे. बाईंना कामावर कायम ठेवावं.'

साहेबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आज सकाळी आपल्याला वाकून 'नमस्कार' कुणी कुणी केला, ते त्यांनी आठवून पाहिलं. अकराही जणांनी केला होता.

"अपील करता येतं, साहेब," कारकून अगदी कळवळून म्हणाला. "मग मात्र सगळ्या इमारतीच्या साक्षी घेतात."

साहेब दाराबाहेर पाहत राहिले. जिन्यावरून माणसं चढत होती, उतरत होती.

"'निकाल मान्य' कुठे लिहायचं?" त्यांनी विचारलं.