मूळपुरुषाचा खांडा

पाठीला खांडा बांधून, दसऱ्याच्या दिवशी, ठाण्याहून कल्याणला पायगाडीवरून, म्हणजे सायकलीवरून, सीमोल्लंघन करणारा पहिला माणूस मीच. हे मी आजही ठासून सांगतो. वाटेत काय झालं ते सांगायला कल्याणातले लोक टपलेलेच असतात आणि प्रत्येक जण पदरचं तिखटमीठ घालतो. माझ्यामागे म्हणे तीन म्हशी होत्या. खोटं आहे. एकच होती! म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

या सगळ्याला कारण माझे कल्याणचे मेहुणे हरिहरपंत. माणूस शांत आहे, आणि तीच त्याची सगळ्यांत संतापजनक खोड. वैशाखात आमच्या आनंदची मुंज झाली. पंगतीत बेसनाचे लाडू असे झाले होते की मी दोन्ही हातांत एकेक घेऊन बोलत होतो. विषय आमच्या घराण्याचा. मराठ्यांनी फिरंग्यांकडून ठाण्याचा कोट घेतला, त्या फौजेत आमचे मूळपुरुष परशुरामपंत होते. उल्हास नदीच्या खोऱ्यात, खाडीच्या दोन्ही तीरांना, त्यांच्या खांड्याने काय काय केलं ते मी सांगत होतो. तो खांडा अजून आमच्या देवघरात आहे. पातं रुंद, म्हणून म्यानही पंजाएवढं रुंद. मुठीला तांबडं कापड आणि त्यावर शेंदराची पुटं. दर दसऱ्याला त्याची पूजा होते, पण उपसायचा मात्र नाही. एकदा उपसला की रक्त प्यायल्याशिवाय तो म्यानात जात नाही, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

"श्रीपादराव," हरिहरपंत लाडू फोडत म्हणाले, "खांडा कुणी पाहिलाय का पण?"

"उपसायचा नसतो तो."

"मग आत खांडाच आहे कशावरून?"

सगळी पंगत हसली. आमचा भटजी हसला. पाणी वाढणारा हसला. माझ्या घरात, माझ्या मुलाच्या मुंजीत, माझे लाडू खाऊन माझ्याच मूळपुरुषाला हसले! त्या रात्री मला झोप लागली नाही. मी ठरवून टाकलं, येत्या दसऱ्याला खांडा पाठीला बांधायचा, परशुरामपंतांची फौज ज्या खोऱ्यातून गेली त्याच खोऱ्यातून कल्याणला जायचं, आणि दुर्गाडी किल्ल्यातल्या देवीच्या जत्रेत सगळ्या गावासमक्ष हरिहरपंतांपुढे उभं राहायचं. घोडा नव्हता माझ्याकडे. पायगाडी होती. आमच्या कचेरीतले साहेब विलायतेला परत गेले तेव्हा मी ती त्यांच्याकडून घेतली होती, आणि पडण्याचं प्रमाणही आता पुष्कळ कमी झालं होतं.

दसऱ्याच्या सकाळी सरोजने पायगाडीची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं आणि पुढच्या दांड्याला झेंडूचा, आंब्याच्या पानांचा, भाताच्या लोंब्यांचा भलामोठा हार बांधला. ती आणि आनंद आगगाडीने पुढे जाणार होते. मी देवघरातून खांडा काढला तशी तिचा चेहरा उतरला.

"अहो, ते नका नेऊ."

"का?"

"सरकारी नोकर तुम्ही. बिनपरवान्याचं हत्यार रस्त्यावरून मिरवलंत आणि कुणी धरलं तर? नोकरी जाईल. आणि तसंही, त्या खांड्याचं म्हणाल तर…"

"खांड्याबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही मी," मी कडाडलो. "तुझ्या भावाने पाच महिन्यांपूर्वी बोलायचं तेवढं बोलून घेतलंय."

ती आनंदचं आवरायला आत गेली. आता वाटतं, तिला बोलू द्यायला हवं होतं.

खाडी ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. मुंब्र्याच्या डोंगराखाली मात्र रस्त्याने छळायला सुरुवात केली. पावसाळ्याने तो असा उखडला होता की बसायला जागा असूनही मला बसवेना. शीळफाट्याचा चढ पायगाडी माझ्यावर बसून चढली म्हटलं तरी चालेल, इतकी ती मी ढकलली. प्रत्येक खड्ड्याला खांडा पाठीत टोचे आणि प्रत्येक टोच्याला मला हरिहरपंतांचं हसू आठवे. रागाचा एक फायदा असतो, पाय थकत नाहीत.

कल्याण जवळ आलं. उतार लागला. दोन्ही बाजूंना भात पिकून पिवळं झालेलं, लांब नदीकाठी दुर्गाडीचा बुरूज दिसतोय, वारा छातीवर. परशुरामपंतांना असंच वाटलं असणार, असं मी मनात म्हणतोय तोच बांधावरची एक म्हैस मान वर करून माझ्याकडे बघू लागली. माझ्याकडे नव्हे, भाताच्या लोंब्यांकडे.

ती रस्त्यात उतरली. मी घंटी वाजवली. तिला ते आमंत्रण वाटलं असावं. तिने हाराला तोंड घातलं, मी आडवा झालो, माझ्यावर पायगाडी आणि पायगाडीवर म्हशीचं मुंडकं. म्यानासकट खांडा तिच्या तोंडापुढे नाचवला, तर तिने तोही चाटून पाहिला. शेवटी कसाबसा उठलो, उरलेला हार वाचवत पायगाडीवर चढलो आणि उताराला सोडली. तिच्या गळ्यातलं दावं माझ्या बैठकीच्या मागे अडकलं आहे हे मला पन्नास पावलं गेल्यावर कळलं.

तोवर मागून आरोळी आली. शेताची मालकीण, हौसाबाई तिचं नाव, हातात विळा घेऊन धावत होती.

"आरं ए! माजी म्हस कनाला पलवतंस? धावा रं, तलवारवाला आयलाय! म्हस चोरून नेतंय!"

मी ओरडून सांगितलं, "मी नेत नाही, ती येतेय!" पण पाठीला शेंदराचा खांडा, कपाळाला कुंकू आणि मागे दाव्याला म्हैस, असा माणूस काय सांगतो ते कोण ऐकणार? शेताशेतांतून माणसं निघाली. मी थांबलो असतो, पण मागून म्हैस उतारावर सुटलेली. थांबलो तर ती अंगावर आणि तिच्यामागे विळे. तसाच आम्हां सगळ्यांचा लोंढा थेट दुर्गाडीच्या जत्रेत शिरला. सगळ्या गावासमक्ष पोचायची माझी इच्छा अशी पुरी झाली.

जत्रेच्या बंदोबस्तावर असलेल्या गुणाजी जमादाराने पायगाडी धरली, मला धरलं, म्हैस हौसाबाईने धरली, आणि त्याने सगळ्यांना फौजदारापुढे उभं केलं. फौजदार चौकीच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. म्हशीचं प्रकरण त्यांनी लगेच मिटवलं, कारण दावं बैठकीच्या खिळ्यात कसं गुंतलंय ते दिसतच होतं. मग त्यांची नजर माझ्या पाठीवर गेली.

"हे काय आहे?"

"खांडा."

"परवाना?"

परवाना नव्हता. कचेरीत हत्यारांच्या परवान्यांचं काम माझ्याच मेजावर होतं. फौजदारांनी नाव विचारलं, हुद्दा विचारला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "तुम्हांला तर कायदा पाठ असेल. सरकारी नोकराजवळ असं हत्यार सापडलं तर काय होतं?"

काय होतं ते मला पाठ होतं. नोकरी जाते, आणि बहुधा माणूसही आत जातो. एवढ्यात गर्दीतून हरिहरपंत आले. रेशमी काठाचं उपरणं, हातात आपट्याची पानं, चेहरा नेहमीसारखा शांत.

"फौजदारसाहेब, हे माझे मेहुणे," ते म्हणाले. "काही तरी गैरसमज होतोय. ती तलवार नाही. नुसतं देवघरातलं जुनं म्यान आहे. मी खात्रीने सांगतो."

शहाणा माणूस असता तर तिथे मान हलवून घरी गेला असता. मला तो दरवाजा उघडा दिसत होता. पण जत्रेतली पाचशे माणसं ऐकत होती, आणि हरिहरपंत त्यांना सांगत होते की आमच्या म्यानात काही नाही. पाच महिने मनात कोंडलेला राग उफाळून आला.

"खोटं बोलतात हे!" मी ओरडलो. "खांडाच आहे! फिरंग्यांचं रक्त प्यायलेला खांडा आहे! लावा काय कलम लावायचं ते!"

"श्रीपादराव, गप्प बसा," हरिहरपंत दातओठ खाऊन म्हणाले. त्यांना रागावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला बरं वाटलं.

"जमादार, उपसा," फौजदार म्हणाले.

"उपसला तर रक्त घेतल्याशिवाय आत जाणार नाही," मी बजावलं. गुणाजी जमादार दोन पावलं मागे सरला. गर्दी दहा पावलं सरली. म्हैस तेवढी जागची हलली नाही. शेवटी देवीकडे बघून हात जोडून गुणाजीने मूठ धरली आणि डोळे मिटून खस्सकन ओढलं.

लांब लोखंडी दांडा. टोकाला पसरट, बोथट पातं.

हौसाबाई पुढे झाली आणि तिने ते निरखून पाहिलं. "यो तं उलथना हाय," ती म्हणाली. "लग्नाचे घरी शिरा ढवलतात, त्यो."

उलथनंच होतं. फौजेच्या मुदपाकखान्यातलं, मोठ्या कढयांसाठीचं. म्हणजे मूळपुरुष परशुरामपंत ठाण्याच्या कोटावर आले होते ते आचारी म्हणून. फौजदारांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. "याला परवाना लागत नाही," एवढंच ते म्हणाले. जत्रा मात्र दुर्गाडीच्या बुरुजापर्यंत ऐकू जाईल अशी हसली. हरिहरपंत हसले नाहीत. त्यांनी माझी पायगाडी हाताने धरली आणि आपल्या घरापर्यंत ढकलत नेली, आणि या माणसाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

जेवणं झाल्यावर सरोज एकटी सापडली तेव्हा मी उलथनं तिच्यापुढे आपटलं.

"तुझा भाऊ खात्रीने कसा बोलला? त्याला कुणी सांगितलं?"

"मी," ती म्हणाली. "सकाळी आल्या आल्या सांगितलं, तुम्ही धरले गेलात तर धावत जाऊन ते नुसतं म्यान आहे म्हणून सांग. उलथन्याचं नाव नको काढू, ते मेल्याहून मेल्यासारखे होतील. तर तुम्ही त्यालाच खोटं पाडलंत."

"आणि तुला कुणी सांगितलं?"

"सासूबाईंनी. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. तुमच्या घरात सगळ्या सुनांना ठाऊक असतं. पुरुषांना तेवढं सांगायचं नाही, फार मनाला लावून घेतात म्हणून."

मग एक आशा वाटली. "निदान उपसला तरी नव्हता ना कुणी?"

सरोजने खाली पाहिलं. "आनंदच्या मुंजीत आचाऱ्याचं उलथनं मोडलं. दहा शेर बेसन कढईत. मग काय करणार? घासून पुसून परत ठेवलं, नवं कापड गुंडाळलं, शेंदूर लावला."

"म्हणजे ते लाडू…"

"तुम्हांला आवडले ना पण?"

तिने डबा पुढे केला. येताना ठाण्याहून करून आणले होते. कशाने भाजले ते मी विचारलं नाही. मी आजही सांगतो की तो पहिला लाडू मी निव्वळ रागाने खाल्ला. पुढच्या तिनांचं काही सांगत नाही.